ग्योंगजूची पायपीट आणि च्वे घराण्याची कोठी

आमचे चिरंजीव गेली चार वर्षे दक्षिण कोरियातील उल्सान या बंदराच्या शहरी नोकरीस आहेत. सेवानिवृत्तीनंतर तरी आपण यावे, असा त्यांचा आग्रह चालूच होता, परंतु सौ.चे गुडघे, माझा रक्तदाब आणि तेथे खायचे काय हा सर्वांत बिकट प्रश्न, या तीन कारणांनी बेत पुढे ढकलला जात होता. अखेर यंदा दशलक्षण पर्व आटोपून महिना लोटल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता निघालो. दोघांच्या सामानात पंधरा किलो केवळ खाद्यपदार्थ होते, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.

उल्सानहून बसने तासाभराच्या अंतरावर ग्योंगजू हे गाव आहे. शिल्ला नावाचे राज्य परंपरेनुसार इसवी सनापूर्वी 57 मध्ये स्थापन झाले आणि इसवी सन 935 मध्ये लयास गेले. या जवळजवळ हजार वर्षांत त्याची राजधानी एकच राहिली, ती ही. येथे 56 जण गादीवर बसले आणि त्यांपैकी तीन स्त्रिया होत्या. सन 2000 मध्ये युनेस्कोने येथील ऐतिहासिक परिसराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. गावाबाहेरच्या डोंगरावरील बुलगुक्सा विहार आणि सॉक्गुराम लेणे त्या यादीत 1995 मध्येच आले होते. मात्र आम्ही त्या दिशेला गेलोच नाही. चिरंजीवांनी आधीच बजावले होते, “बाबा, एका दिवसात सगळे पाहायचे म्हटले तर टॅक्सीच्या काचेतून पाहावे लागेल. त्यापेक्षा गावातलेच पाहू, पण पायी पाहू.” गावातील बहुतेक प्राचीन स्थळे एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर असल्याने हा बेत सौ.लाही मान्य झाला.

निघण्याच्या आदल्या रात्री बार्शीहून थोरल्या बंधूंचा निरोप आला होता. जमिनीच्या एका व्यवहाराचा मसुदा त्यांनी दूरध्वनीवर पाठविला होता आणि दिवाळीच्या आत माझी संमती मागितली होती. वडिलोपार्जित पाच एकर जिराईत होती, ती आता वळणरस्त्यालगत आली आहे. अकृषिक करून विकली की आम्हा भावंडांच्या वाट्याला चांगली रक्कम येणार होती. मी मसुदा वाचला, दुरुस्तीच्या दोन जागा मनात टिपून ठेवल्या आणि झोपी गेलो. माझ्या हातून असे शेकडो दस्त तपासून गेले असल्याने त्यात विशेष काही वाटले नाही.

सकाळी साडेनवाला आम्ही ग्योंगजूच्या बसस्थानकावर उतरलो. पहिले आश्चर्य थडग्यांचे. आपल्याकडे स्मशान गावाबाहेर असते. येथे भर वस्तीत, दुकाने आणि घरे यांच्या मधोमध, हिरवळीने मढविलेल्या टेकड्या उभ्या आहेत. त्या टेकड्या म्हणजे शिल्लाच्या राजाराण्यांच्या समाध्या. एका टेकडीवर तर जुनी झाडे वाढली आहेत आणि तिच्या पायथ्याशी शाळेची मुले डबे उघडून बसली होती. आमची नऊ वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, इथले लोक राजांच्या शेजारी राहतात.” पुढे दिवसभर जे पाहिले त्याचे याहून नेमके वर्णन मला साधले नाही. गावात टोलेजंग इमारती दिसत नाहीत. कित्येक नव्या दुकानांनाही जुन्या वळणाची कौलारू छपरे आहेत, पेट्रोलपंपसुद्धा त्यातून सुटलेला नाही.

यांपैकी तेवीस समाध्या देरुंगवोन नावाच्या आवारात आहेत. त्यांतील चॉन्माचोंग ही समाधी 1973 मध्ये उकरण्यात आली आणि आज तिच्या आत जाऊन पाहता येते. तिची रचना मला फार उद्बोधक वाटली. लाकडी खोलीत पेटी ठेवायची, खोलीच्या भोवती व वर गोटे रचायचे, त्यावर चिकणमाती लिंपायची आणि मग मातीची टेकडी उभी करायची. आत जाण्यास वाटच ठेवायची नाही. काळाच्या ओघात लाकूड कुजले की वरचे गोटे आत कोसळतात आणि मग चोराला आत शिरणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच दीड हजार वर्षांनंतर सोन्याचा मुकुट, कमरपट्टा आणि अकरा हजारांवर वस्तू जागच्या जागी सापडल्या. बर्च झाडाच्या सालीवर रंगविलेला एक धावता पांढरा घोडाही त्यांत होता, त्यावरूनच समाधीला ‘दिव्य अश्वाची समाधी’ हे नाव पडले. पस्तीस वर्षे बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक खिशात बाळगलेल्या मला ही तिजोरी पाहून कौतुक वाटले. ती ठेवीदाराला स्वतःलाही पुन्हा उघडता आली नसती, एवढाच तिचा दोष.

शेजारीच ह्वांगनामदेचोंग ही जोडटेकडी आहे, राजा आणि राणी यांची. सुमारे 120 मीटर लांब आणि 23 मीटर उंच. गंमत अशी की यांतील सोन्याचा मुकुट राणीच्या टेकडीत निघाला. सौ.ने ही माहिती सूनबाईंकडून दोनदा वदवून घेतली आणि माझ्याकडे पाहिले.

आवाराबाहेर पडल्यावर ह्वांगनिदान नावाची गल्ली लागते. जुन्या घरांत नवी उपाहारगृहे, छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी आणि शनिवारची तोबा गर्दी. येथील तांबड्या वाटाण्यासारख्या कडधान्याचे गोड सारण भरलेली भाकरी प्रसिद्ध असून ती 1939 पासून बनते. दहा वॉनच्या नाण्याच्या आकाराची दुसरी एक भाकरी आता लोकप्रिय आहे. दोहोंतही अंडे असते, त्यामुळे आम्ही वास घेऊन पुढे निघालो. कोरियातील खाण्याविषयी आमच्या वाचकांना उत्सुकता असणार म्हणून येथेच सांगतो. भाज्या भरपूर दिसतात, पण त्यांच्या किमचीतही बहुधा मासळीचा अर्क असतो आणि रश्शाचे पाणी सुक्या मासोळीत उकळलेले असते. मात्र तेथील बौद्ध विहारांच्या स्वयंपाकात मांस-मासळी नसते, इतकेच काय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे ऐकून सौ.ला त्या देशाविषयी प्रथमच आपलेपणा वाटला. कंदमुळे मात्र ते खातात. आम्ही दशम्या, खाकरे आणि मेथकूट-भातावर भिस्त ठेवली.

गल्ली ओलांडून मोकळ्या माळावर आलो की चॉमसॉंगदे दिसते. राणी सॉनदॉक हिच्या कारकिर्दीत, म्हणजे 632 ते 647 या काळात उभारलेली ही दगडी वेधशाळा. उंची नऊ मीटरांहून थोडी अधिक. मडक्यासारखा फुगीर बुंधा, वर चौकोनी मुकुट, मध्यावर एक खिडकी. गोलाकार भागात दगडांचे 27 थर आहेत, आणि सॉनदॉक ही शिल्लाची सत्ताविसावी राज्यकर्ती. दरवाजा नाही, शिडी लावून खिडकीतून आत शिरावे लागत असावे. आमच्या चिरंजीवांनी तिची उंची ऐकवली तेव्हा मी क्षणभर निराश झालो. जयपूरचा जंतरमंतर डोळ्यांसमोर होता ना! पण जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की चौदाशे वर्षांत युद्धे झाली, भूकंप झाले, राज्ये बुडाली, आणि हा दगडांचा गडवा जागेवरच आहे. भोवती त्या दिवसांत गुलाबी तुरे येणारे एक गवत फुलले होते आणि त्यात उभे राहून छायाचित्र काढण्यासाठी रांग लागली होती. नातीच्या हट्टामुळे आम्हीही रांगेत उभे राहिलो. पाऊण तास गेला.

तेथून ग्येरिम नावाच्या लहानशा राईतून वाट जाते. येथे झाडाला टांगलेल्या सोन्याच्या पेटीत एक बालक सापडले, पेटीखाली पांढरा कोंबडा आरवत होता, आणि त्या बालकापासून किम राजवंश सुरू झाला, अशी कथा आहे. या राईत सौ.ने प्रथमच ‘गुडघे’ हा शब्द उच्चारला, म्हणून बाकावर बसून आम्ही दशम्या सोडल्या. जेवताना मी चिरंजीवांना बार्शीच्या मसुद्याविषयी सांगितले. ते म्हणाले, “काका म्हणतात ते योग्यच असेल.” विषय तेथेच संपला.

राई संपली की ग्योचोन हे जुन्या घरांचे खेडे लागते. मला वाटते, ग्योंगजूला जाणाऱ्या व्यापारी घराण्यातील माणसाने सोन्याचे मुकुट नाही पाहिले तरी चालेल, पण हे खेडे चुकवू नये. येथे च्वे घराण्याचा वाडा आहे. हे घराणे राजाचे नव्हे, जमीनदारांचे. ‘श्रीमंती तीन पिढ्या टिकत नाही’ अशी कोरियात म्हण आहे. कर्जविभागात काम केलेल्या कोणालाही ती कोरियन भाषा न येता पटेल. आजोबांनी पेढी घातली, वडिलांनी वाढवली आणि नातवाच्या काळात तारण जप्त झाले, अशी प्रकरणे मी पस्तीस वर्षांत किती पाहिली असतील! च्वे घराण्याची श्रीमंती मात्र बारा पिढ्या, सुमारे तीनशे वर्षे टिकली.

वाडा डोळे दिपविणारा नाही. आत शिरण्यास पैसे पडत नाहीत. पाहुण्यांची बैठक असलेली इमारत 1970 मध्ये आगीत जळाली आणि ती अलीकडे पुन्हा बांधली आहे. जुनी राहिलेली धान्याची कोठी मात्र अंगणात तशीच उभी आहे, लांबट, लाकडी, कौलारू. शेजारच्या दारात या घराण्याची परंपरागत तांदळाची दारू मिळते आणि तिलाही सरकारी वारसा म्हणून मान आहे. आमची पावले तेथून झपाट्याने पुढे पडली, हे सांगणे नलगे.

सूनबाईंना कोरियन बऱ्यापैकी वाचता येते. अंगणात उभ्या राहून त्यांनी या घराण्याचे सहा नियम एकेक करून मराठीत सांगितले. पहिला नियम असा की परीक्षा द्यावी, परंतु जिन्सा या प्राथमिक पदवीपलीकडे सरकारी अधिकार घेऊ नये. सत्ता आणि संपत्ती एका घरात आली की दोन्ही जातात, हा त्यामागील विचार. वाटसरूचा उदार मनाने पाहुणचार करावा. घरात येणाऱ्या सुनेने पहिली तीन वर्षे सुती वस्त्रे नेसावीत. (“मी चार वर्षे जीनच नेसते आहे, आई,” असे सूनबाई म्हणाल्या आणि सासूबाई हसल्या.) शंभर री, म्हणजे सुमारे 40 किलोमीटरच्या परिसरात कोणी उपाशी मरू देऊ नये.

मला थांबविले ते दुसऱ्या नियमाने. संपत्ती दहा हजार सॉकपेक्षा अधिक वाढवू नये. सॉक हे आपल्या खंडी-मणासारखे धान्याचे माप, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ अशी त्याची जुनी कल्पना. आजच्या हिशेबाने एक सॉक म्हणजे सुमारे 144 किलो तांदूळ, तेव्हा दहा हजार सॉक म्हणजे सुमारे 1,440 टन. मर्यादा काही लहान नव्हती. पण मर्यादा होती. आपल्याकडे श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे, ते आपण पाठशाळेत शिकतो आणि पाठही करतो. आकडा मात्र बहुधा मोकळाच ठेवतो. मी स्वतः ठेवलेला आहे. येथे आकडा घातला होता आणि तो गाठल्यावर काय करायचे हेही ठरलेले होते. जमीन वाढून उत्पन्न मर्यादेबाहेर जाऊ लागले की कुळांकडून घ्यायचा खंड कमी करायचा. त्यामुळे आसपासच्या कुळांनाच वाटे की च्वे घराण्याने आणखी जमीन घ्यावी, असे सांगतात. शेजाऱ्याला आपली वाढ सुखाची वाटावी, अशी ही व्यवस्था. ताळेबंदात ती कोणत्या सदराखाली दाखवावी, हे मात्र मला सुचले नाही.

या घराण्यातील च्वे गुक-सॉन या सतराव्या शतकातील पुरुषाची हकीकतही सूनबाईंनी सांगितली. 1670-71 मध्ये कोरियात भीषण दुष्काळ पडला होता. तेव्हा त्याने कोठी उघडून मोठ्या कढईत पेज शिजवून लोकांना घातली. पुढे, परंपरा सांगते, त्याने मुलाकरवी पेटीतील सारे तारणाचे कागद आणविले. ज्याला कर्ज फेडायचे आहे तो तारणावाचूनही फेडील आणि ज्याला शक्य नाही तो तारण असूनही फेडू शकणार नाही, असे म्हणून त्याने जमिनी व घरे यांचे कागद ज्याचे त्याला परत केले आणि उरलेले जाळून टाकले. मी चिरंजीवांना म्हणालो की पहिले वाक्य शंभर टक्के खरे आहे, वसुलीच्या फायली मी चाळल्या आहेत. कागद जाळण्याबाबत मात्र मी मुख्य कार्यालयाचे मत मागविले असते. सगळे हसले, मीही हसलो.

मग सूनबाई म्हणाल्या, “बाबा, एक राहिला. दुष्काळाच्या वर्षी जमीन विकत घेऊ नये.”

मी काही बोललो नाही. कोठीच्या ओट्यावर जाऊन बसलो. सौ.ला वाटले, रक्तदाब.

1972 साली मी नववीत होतो. सोलापूर जिल्ह्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. आमची बार्शीच्या पेठेत आडत होती आणि थोडीफार शेतीही आमच्या नावे आधीपासून होती. एके सकाळी पेढीवर आमचे एक जुने शेतकरी खातेदार आले. त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे आमची बाकी होती आणि घरात खाणारी माणसे आठ. वडिलांनी त्यांची पाच एकर अठराशे रुपयांना घेतली. त्यातून बाकी वळती झाली, काही रोख दिले आणि चार पोती ज्वारी दिली. व्यवहार कायदेशीर होता, दरही त्या वर्षीच्या बाजाराप्रमाणेच होता. वडील कठोर नव्हते. ते रोज देवदर्शन केल्यावाचून पेढीवर बसत नसत, आणि त्या वर्षी अनेकांना त्यांनी उधारीवर धान्य दिले हेही मी पाहिले आहे. परंतु तो दर दुष्काळाचा होता. पाऊस पडल्यावर त्या जमिनीची किंमत काय होईल, हे त्या ओट्यावर बसलेल्या दोघांनाही ठाऊक होते. त्यांतील एकाला थांबता येत होते, दुसऱ्याला नव्हते. तो गृहस्थ अंगठा उठवून उठला आणि दुसऱ्या दिवसापासून दुष्काळी कामावर खडी फोडण्यास गेला. त्याचा नातू आज तीच जमीन आमच्याकडून अर्धलीने करतो. आदल्या रात्री पाहिलेल्या मसुद्यात ती पाच एकर होती.

हे मी त्या ओट्यावर बसून घरच्यांना सांगितले. चिरंजीवांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. नात म्हणाली, “मग ते आजोबा परत घ्यायला आले नाहीत का?” मी म्हणालो, आले नाहीत. येता येत नाही, हेच त्या नियमाचे कारण, हे मला तिला समजावून सांगता आले नाही.

च्वे घराण्याचा शेवटही येथे सांगितला पाहिजे. शेवटचे मोठे धनिक च्वे जुन (1884-1970). जपानी अंमलाच्या काळात त्यांनी आन हुइ-जे या स्वातंत्र्यसैनिकाबरोबर व्यापारी कंपनी चालविली आणि तिच्या आडून कोरियाच्या निर्वासित हंगामी सरकारला पैसा पोहोचविला. स्वातंत्र्यानंतर उरलेली मालमत्ता त्यांनी 1947 मध्ये उच्च शिक्षणसंस्था उभारण्यासाठी देऊन टाकली. तीच संस्था पुढे यंगनाम विद्यापीठात विलीन झाली. तेव्हा बाराव्या पिढीनंतर श्रीमंती गेली, पण तारण जप्त होऊन गेली नाही.

ग्योचोनच्या कडेने वाहणाऱ्या ओढ्यावर वोल्जॉंगग्यो हा छपराचा लाकडी पूल आहे. मूळ पूल आठव्या शतकातला. सध्याचा 2018 मध्ये पुरा झाला. लाल खांबांच्या रांगेतून वारा छान येतो. पुढे वोल्सॉंग, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकाडावरील राजवाड्याची जागा. राजवाडा नाही, गवत आणि उत्खननाचे खड्डे आहेत. एका टोकाला अठराव्या शतकातील दगडी बर्फघर आहे. हिवाळ्यात गोठलेल्या नदीतून काढलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकविण्यासाठी आत उतरती जमीन, पाण्याला चर आणि छताला हवेची भोके. नातीला समाध्यांपेक्षा हे अधिक आवडले.

राष्ट्रीय संग्रहालयात आम्ही तास-दीड तास काढला. अंगणातच सॉंगदॉक राजाच्या नावाची, सन 771 मध्ये ओतलेली कांस्याची घंटा आहे, वजन 18.9 टन. ती वाजेना, तेव्हा एका बालकाची आहुती देऊन पुन्हा ओतली आणि तिच्या नादात आईला मारलेली हाक ऐकू येते, अशी दंतकथा आहे. सौ.ने एवढे ऐकून पाठ फिरविली. सुंदर वस्तू पाहायला आणि तिच्याविषयी कोणी असे का बोलते, असे ती म्हणाली. मला भारताचा एक धागा येथे आठवला. शिल्लाचा भिक्षू हेचो आठव्या शतकात भारतात येऊन पाच प्रदेश हिंडून गेला. त्याचा प्रवासवृत्तान्त 1908 मध्ये दुन्हुआंगच्या लेण्यातून बाहेर आला आणि आज पॅरिसला आहे. तोही बहुतेक पायीच चालला असेल. आमच्या तक्रारी त्यापुढे काय!

दिवसाचा शेवटचा टप्पा वोल्जी तळे. सन 674 मध्ये राजवाड्यालगत खोदलेले हे तळे 1975 साली उपसले तेव्हा गाळातून हजारो वस्तू निघाल्या. त्यांत चौदा पैलूंचा एक लाकडी फासा होता. मेजवानीत तो टाकायचा आणि पैलूवर लिहिले असेल ते करायचे. संगीताशिवाय नाचावे, सर्वांनी नाकावर टिचकी मारावी, असे हुकूम त्यावर आहेत. मूळ फासा जतन करताना वाळवायला ठेवला आणि जळून गेला. आता प्रतिकृती मिळतात. नातीने एक घेतली आणि बसस्थानकापर्यंत माझे नाक तीन वेळा लाल झाले.

सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळणार होता, म्हणून पाच वाजताच काठच्या बाकावर आमचे जेवण उरकले. बाकीची माणसे दिवे लागण्याची वाट पाहत होती. अंधार पडला आणि मंडपांची प्रतिबिंबे पाण्यात उतरली, तेव्हा बार्शीत दुपारचे अडीच वाजले असणार. थोरले बंधू पेढीवरच असणार, हे जाणून मी फोन लावला.

पहिल्यांदा त्यांना वाटले, सही पाठवीत आहे. मी कोठीचे आणि त्या नियमाचे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “तू शाळेत होतास. ती चार पोती मी काट्यावर मोजून दिली होती. एक पोते उंदराने कुरतडलेले होते, ते मी बदलले नाही.” एवढ्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितले नव्हते. नंतर आवाज चढवून ते म्हणाले, “पण दादांनी काही गैर केले असे मला कोणी ऐकवू नये.” मी म्हणालो, मी ऐकवीत नाही. विक्रीपूर्वी त्या नातवाला बोलावून दोन एकर त्याच्या नावे करण्याचा विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यावर त्यांनी धाकट्याचे मत, मुद्रांकशुल्क आणि गिऱ्हाईकाने दिलेला इसार असे तीन मुद्दे काढले. तिन्ही मुद्दे रास्त होते. शेवटी म्हणाले, “दिवाळीला ये. समोर बसून बोलू. तोवर गिऱ्हाईकाला थांबवतो.”

परतीच्या बसमध्ये नात फासा मुठीत धरून झोपी गेली. तिच्या हातातील घड्याळात साडेपंधरा हजार पावले भरली होती. सौ.ने मलम काढले आणि चिरंजीवांनी हळूच विचारले, “बाबा, त्यांच्या घरात आता कोण कोण आहे?” जेवढे ठाऊक होते तेवढे मी सांगितले, आणि ते फारच थोडे होते.

हा लेख मी थोरल्या बंधूंना दाखवून, त्यांच्या संमतीनेच पाठवीत आहे. उंदराच्या पोत्याचा उल्लेख राहू दे, असे तेच म्हणाले. दस्तावर माझी सही अद्याप झालेली नाही.